एकाच मशीनवर तीन नोड: त्याने काय साधतं आणि काय साधत नाही

मे-जून आला की नागपुरात दोन गोष्टी ठरलेल्या. पारा ४५ च्या आसपास, आणि निकाल-प्रवेशाच्या साइटसमोर बसलेली पोरं. दुपारी १ ची वेळ जाहीर झालेली असते. सीताबर्डीतल्या सायबर कॅफेत रांग लागते, घरोघरी मोबाइलवर तेच पान पुन्हा पुन्हा उघडलं जातं आणि पडद्यावर गोल नुसतं फिरत राहतं. मग कुणीतरी सांगतं की सर्व्हर बसला होता, आता नोड वाढवलेत. नोड वाढवले म्हणजे नवीन मशीन आणलं का? कधी आणतात. पण पुष्कळदा मशीन तेच असतं, त्यावर चालणारा प्रोग्राम एकाऐवजी तीनदा चालू केलेला असतो. यातून खरोखर काही मिळतं, पण लोकांना वाटतं ते मिळत नाही.

## आधी पोह्याचा गाडा

सकाळी सातला तर्री-पोह्याच्या गाड्यावर काय चालतं ते आठवा. एक जण पैसे घेऊन टोकन देतो. मागे कढईवरचा माणूस प्लेट भरतो. बाजूला तर्रीचं मोठं पातेलं, त्यात एकच पळी. खाली एक गॅस सिलिंडर.

गाडा म्हणजे मशीन. कढई आणि कढईवाला म्हणजे ऍप्लिकेशन सर्व्हर: तुमची विनंती घेऊन, हिशेब करून, तयार पान परत देणारा प्रोग्राम. टॉमकॅट, वाइल्डफ्लाय ही त्यातली नेहमीची नावं, दोन्ही जावा भाषेतले प्रोग्राम चालवणारी. तर्रीचं पातेलं म्हणजे डेटाबेस, जिथे खरी माहिती असते. सिलिंडर म्हणजे मशीनची मेमरी आणि प्रोसेसर.

आता त्याच गाड्यावर एका मोठ्या कढईऐवजी तीन लहान कढया मांडल्या. प्रत्येक कढई म्हणजे एक नोड. टोकनवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला कोणत्या कढईकडे जायचं ते सांगतो, त्याला म्हणायचं लोड बॅलन्सर. एक कढई करपली तरी दोन चालू राहतात. एक घासायला काढली तरी गाडा बंद ठेवावा लागत नाही. पण सिलिंडर संपला की तिन्ही थंड, आणि तर्रीच्या पातेल्यापुढची रांग तीन कढयांनी कमी होत नाही.

## मग एकाच नोडला सगळी मेमरी का देऊ नये?

हा प्रश्न योग्य आहे, आणि बऱ्याच लहान साइटना तेच पुरतं. टॉमकॅटचा एकच नोड कोणताही बदल न करता एका वेळी २०० विनंत्यांवर काम करू शकतो. ८ कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एक काम करणारा हात) मशीनवर नोड तीन केले म्हणून कोअर २४ होत नाहीत. गर्दीत प्रोसेसर आधीच शंभर टक्के भरलेला असेल, तर नोड वाढवून साइट उलट थोडी मंद होईल.

फायदा दुसरीकडे आहे. पहिला, नवीन आवृत्ती चढवताना साइट बंद ठेवावी लागत नाही. मोठा जावा प्रोग्राम उठायला एक-दोन मिनिटं सहज घेतो, आणि निकालाच्या आदल्या संध्याकाळी एखादी चूक दुरुस्त करायची असेल तर ती दोन मिनिटं फार मोठी असतात. दुसरा, एखाद्या अहवालाने मेमरी खाल्ली किंवा सगळे धागे (थ्रेड, म्हणजे एकेक विनंती हाताळणारे कामगार) अडकले, तर एक नोड आजारी पडतो, बाकीचे चालतात.

तिसरा फायदा मोठ्या मशीनवरच दिसतो. जावा आपला कामाचा माल ज्या जागेत ठेवतो तिला हीप म्हणतात. हीप ३२ जीबीच्या आत असेल तर प्रत्येक वस्तूचा पत्ता चार बाइटमध्ये मावतो, त्यापलीकडे तो आठ बाइटचा होतो. म्हणून हीप ३१ वरून ३५ जीबी केली तर जागा वाढण्याऐवजी कमीही पडू शकते. शिवाय हीपमधला निरुपयोगी माल साफ करताना जावा काही क्षण सगळं काम थांबवतो. जुन्या पद्धतीच्या सफाईत हीप जितकी मोठी तितका हा थांबा लांब. १२८ जीबीच्या मशीनवर शंभर जीबीचा एक नोड ठेवण्यापेक्षा तीस-तीसचे तीन ठेवतात ते यामुळे.

## प्रत्येक नोडचं स्वतःचं काय हवं

दुसरा नोड म्हणजे दुसरं मशीन नव्हे, दुसरी प्रोसेस: त्याच प्रोग्रामची वेगळी चालू प्रत. पहिला नोड एकटा होता तोवर जे जे फक्त त्याचं होतं, ते आता वाटून द्यावं लागतं. यातल्या चार वस्तू कधीच सामायिक चालत नाहीत: पोर्ट, फोल्डर, मेमरी आणि नाव.

पोर्ट म्हणजे मशीनच्या पत्त्यावरचा खोली क्रमांक. एका खोलीत एकच भाडेकरू. टॉमकॅट विनंत्यांसाठी ८०८० घेतो आणि स्वतःला बंद करण्याचा निरोप ऐकायला ८००५. दुसरा नोड तीच सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइल (टॉमकॅटची मांडणी हिच्यात असते) घेऊन उठवला की पोर्ट आधीच वापरात असल्याची तक्रार करून तो बसतो. हे निदान लगेच दिसतं. त्याहून घातक चूक अशी: घाईत फक्त ८०८० बदलला, ८००५ तसाच राहिला. आता दुसऱ्या नोडसाठी बंद करण्याची आज्ञा दिली की ती आज्ञा फाइलमधला पोर्ट वाचते, ८००५ वर निरोप पाठवते, आणि तिथे ऐकत बसलेला पहिला, धडधाकट चालणारा नोड बंद पडतो.

म्हणून आकडे ठरवतानाच शिस्त लावा. पहिल्या नोडला ८१८० आणि ८१०५, दुसऱ्याला ८२८० आणि ८२०५, तिसऱ्याला ८३८० आणि ८३०५. शेकड्याचा आकडा पाहिला की नोड कोणता ते कळतं. वाइल्डफ्लायमध्ये हे काम एका ओळीत होतं: पोर्ट-ऑफसेट १०० दिला की त्याचे सगळे पोर्ट शंभराने सरकतात. ३२७६८ च्या वरचे आकडे घेऊ नका. मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे लिनक्स, तिथून ६०९९९ पर्यंतचे पोर्ट बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना तात्पुरते वाटत असतो, आणि नेमका तुमचा पोर्ट तेव्हा गेलेला असेल तर नोड कधी उठेल, कधी उठणार नाही. नोड फक्त १२७.०.०.१ या आतल्या पत्त्यावर ऐकतील असं करा, म्हणजे लोड बॅलन्सरला वळसा घालून कुणी थेट शिरणार नाही.

फोल्डरसाठी टॉमकॅटमध्ये सोय आहे, तरी लोक अख्खा टॉमकॅट तीनदा कॉपी करून ठेवतात. मग सुरक्षेचा सुधार आला की तीन ठिकाणी बदलावा लागतो आणि एक हमखास राहून जातो. त्यापेक्षा कॅटालिना होम एकच ठेवा, त्यात टॉमकॅटचा मूळ प्रोग्राम. प्रत्येक नोडला वेगळा कॅटालिना बेस द्या आणि त्यात कॉन्फ, लॉग्ज, टेम्प, वेबॲप्स, वर्क हे पाच फोल्डर. अलीकडच्या टॉमकॅटमध्ये मेकबेस नावाची स्क्रिप्ट हे फोल्डर आपोआप मांडून देते. हाताने करत असाल तर टेम्प विसरू नका. तो नसला तरी नोड उठतो, पान दिसतं, आणि मुलगी मार्कशीटचा फोटो अपलोड करायला गेली की तिथे चूक येते.

नोडचं नाव म्हणजे टॉमकॅटच्या इंजिन ओळीतला जेव्हीएम-रूट. तिथे एन१, एन२ असं दिलं की वापरणाऱ्याच्या सेशन क्रमांकाला (सेशन म्हणजे नोडने ठेवलेली त्याच्या लॉगिनची आठवण) शेवटी ठिपका देऊन ते नाव जोडलं जातं, आणि लोड बॅलन्सर म्हणून पुढे ठेवलेला अपाचे हा वेब सर्व्हर त्यावरून ओळखतो की हा माणूस कोणत्या नोडचा. वाइल्डफ्लायमध्ये व्यवहाराच्या भागात नोडची वेगळी ओळख असते, तीही प्रत्येकाची निराळीच हवी. दोघांची एकच राहिली, तर अर्धवट राहिलेले व्यवहार सावरताना एक नोड दुसऱ्याच्या चालू व्यवहाराला हात घालू शकतो. पैशाच्या कामात हे कसं परवडेल?

चाचणी घेताना एक गोष्ट हमखास घोटाळ्यात टाकते. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये ८१८० आणि ८२८० थेट उघडले, की एकीकडे लॉगिन केल्यावर दुसरीकडून आपण बाहेर फेकले जातो. नोडमध्ये काही बिघाड नसतो. ब्राउझर कुकी (साइटने दिलेली ओळखीची चिठ्ठी) जपून ठेवताना पोर्ट पाहतच नाही, फक्त पत्ता पाहतो, म्हणून दोन्ही नोडची सेशन कुकी एकमेकींवर लिहिली जाते. दुसरा नोड खासगी विंडोत उघडा.

## मेमरीचा हिशेब आधी कागदावर

सगळ्यात जास्त नोड इथे मरतात. हीप किती हवी ते सांगितलं नाही, तर जावा मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा धरतो. १६ जीबीच्या मशीनवर प्रत्येक नोडची मर्यादा ४ जीबी. चार नोड म्हणजे १६ जीबी, आणि लिनक्ससाठी शून्य. रोजच्या कामात हीप भरत नाही, त्यामुळे महिनोन्महिने सगळं सुरळीत दिसतं. चारही नोड एकदम भरतात ते निकालाच्याच दिवशी.

शिवाय हीप म्हणजे नोडची पूर्ण मेमरी नव्हे. प्रत्येक धाग्याचा स्वतःचा साधारण १ एमबी, म्हणजे २०० धाग्यांना २०० एमबीपर्यंत. प्रोग्रामचे वर्ग, तयार केलेला मशीन कोड, सफाईची स्वतःची वहीखाती हे सगळं हीपच्या बाहेर. ३ जीबी हीपच्या नोडला हिशेबात ४ जीबी धरा. मग १६ जीबीमध्ये तीन नोडचे १२, आणि उरलेले ४ लिनक्स, लोड बॅलन्सर आणि फाइलच्या कॅशला. डेटाबेसही त्याच मशीनवर असेल तर नोड दोनच ठेवा.

हिशेब चुकला तर काय दिसतं? नोडचा लॉग (नोंदींची फाइल) मध्येच, एखाद्या ओळीच्या अर्ध्यावर तुटलेला असतो. चुकीचा एकही संदेश नाही. कारण नोडला काही लिहायला वेळच मिळालेला नसतो: मेमरी संपली की लिनक्स सहसा सर्वात जास्त मेमरी अडवून बसलेली प्रोसेस निवडून मारतो, आणि ती बहुधा जावाचीच असते. पुरावा नोडच्या लॉगमध्ये न शोधता कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये शोधा, डीमेसेज ही आज्ञा तो दाखवते. जावाने स्वतः दिलेली आउट ऑफ मेमरीची चूक ही वेगळी गोष्ट आहे. तिथे हीप लहान पडलेली असते, इथे हिशेब मोठा धरलेला असतो. दोन्हींचा उपाय उलटा आहे, म्हणून आधी ओळखा मग आकडा बदला.

हीपचा आकडा सेट-एन्व्ह फाइलमध्ये लिहायचा, प्रत्येक नोडच्या स्वतःच्या बेसमधल्या बिन फोल्डरात (वरच्या पाचांत तो नाही, नसेल तर तयार करा). जावाला द्यायचे पर्याय लिहायच्या तिथे दोन जागा आहेत: तो कॅटालिना-ऑप्ट्समध्ये लिहा, जावा-ऑप्ट्समध्ये नको. जावा-ऑप्ट्स नोड बंद करणाऱ्या आज्ञेलाही लागू होतात. मग नोड बंद करायला निघालेली इवलीशी प्रोसेसही ३ जीबी मागते, मेमरी नसते, ती मरते आणि नोड बंदच होत नाही.

प्रोसेसरचंही असंच. ८ कोअर दिसले की प्रत्येक जावा सफाईसाठी आठपर्यंत धागे धरतो. तीन नोडची सफाई एकदम आली तर २४ धागे आठ कोअरवर भांडतात. ऍक्टिव्ह-प्रोसेसर-काउंट या पर्यायाने प्रत्येक नोडला ३ कोअर आहेत असं सांगितलं की तो त्या मानाने वागतो.

## टोकनवाला चुकला तर तिन्ही कढया असून नसून सारख्या

पुढे लोड बॅलन्सर म्हणून एनजिनएक्स ठेवून मागे तीन पत्ते दिले की तो पाळीपाळीने विनंत्या वाटतो. पण लॉगिन पहिल्या नोडवर झालं आणि पुढचं पान दुसऱ्याकडे गेलं, तर दुसरा नोड म्हणतो, तुम्ही कोण? म्हणून माणसाला त्याच्या नोडशी बांधतात. एनजिनएक्समधला सोपा मार्ग म्हणजे आयपी-हॅश: येणाऱ्याच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून नोड ठरतो.

नागपुरात याची अडचण लगेच कळेल. हिंगणा रोडवरच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये ८० मुलं अर्ज भरायला बसली, तरी बाहेर जाताना सगळ्यांचा पत्ता एकच. ऐंशीच्या ऐंशी एकाच नोडवर, बाकीचे दोन रिकामे. त्यात भर म्हणजे आयपी-हॅश जुन्या पद्धतीच्या पत्त्याच्या चार भागांपैकी पहिले तीनच पाहतो, म्हणजे शेजारशेजारचे २५६ पत्तेही एकत्र जातात. मोबाइल कंपन्याही अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. त्यापेक्षा कुकीवरून बांधणं चांगलं. एचएप्रॉक्सी हा दुसरा लोड बॅलन्सर स्वतःची कुकी देऊन हे करतो, अपाचे जेव्हीएम-रूट वाचून करतो.

सर्वात भक्कम मार्ग म्हणजे सेशन नोडमध्ये ठेवूच नये, रेडिस (मेमरीत माहिती ठेवणारा वेगळा साठा) किंवा डेटाबेसमध्ये ठेवावं. मग कोणतंही पान कोणत्याही नोडकडे जाऊ दे. टॉमकॅटचे नोड आपसातही सेशनच्या प्रती वाटू शकतात, पण त्यासाठी सेशनमधली प्रत्येक वस्तू सिरिअलाइझ होणारी, म्हणजे बाइटमध्ये बदलून पाठवता येणारी हवी. आणखी एक खबरदारी: टॉमकॅटचे नोड एकमेकांना २२८.०.०.४ या ठरलेल्या सामूहिक पत्त्यावर हाका मारतात. चाचणीचं मशीन त्याच नेटवर्कवर असेल आणि पत्ता बदलला नसेल, तर चाचणीचा नोड खऱ्या साइटच्या गटात येऊन बसतो.

एखादा नोड मेला तर एनजिनएक्सला ते एक विनंती फसल्यावर कळतं, मग १० सेकंद तो त्या नोडकडे कुणाला पाठवत नाही. फसलेलं साधं पान तो दुसऱ्या नोडकडून आणून देतो. मात्र फॉर्म सबमिट केलेला असेल आणि तो नोडकडे पोचलेला असेल, तर एनजिनएक्स आपणहून पुन्हा पाठवत नाही, आणि हे बरोबरच आहे. नाहीतर प्रवेशाची फी दोनदा कापली जाईल.

## तर्रीचं पातेलं: डेटाबेसच्या जोडण्या

प्रत्येक नोड डेटाबेसशी काही जोडण्या कायम उघड्या ठेवतो. एका नोडला ४० पुरत होत्या, तीन नोडवर त्या १२० झाल्या. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ मांडणीत १०० च जोडण्या देतो, त्यातल्या ३ प्रशासकासाठी राखीव. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा आकडा १५१. चाचणीत हे कधीच पकडलं जात नाही, कारण तिन्ही नोड एकाच वेळी पूर्ण भरल्याशिवाय मर्यादा लागत नाही. उपाय म्हणून डेटाबेसची मर्यादा ५०० करू नका. नोडमागे २० जोडण्या ठेवा, एकूण ६०, आणि उरलेल्या बॅकअप व अहवालांना राहू द्या. थोड्या जोडण्यांत काम भराभर सरकतं, जास्त जोडण्या दिल्या की सगळेच एका पळीसाठी खोळंबतात.

## एकच एसएमएस तीनदा का आला?

प्रोग्रामच्या आत रोज सकाळी ९ ला चालणारं काम लिहिलेलं असेल, तर ते आता तीन ठिकाणी चालतं. फीची आठवण तीनदा जाते, व्याज तीनदा जमा होतं. वेळ लावून कामं चालवणारं क्वार्ट्झ वापरत असाल तर त्याची क्लस्टर पद्धत चालू करा, म्हणजे काम एकाच नोडवर होतं. नसेल तर डेटाबेसच्या एका टेबलमध्ये कुलूप ठेवा: जो नोड आधी ओळ लिहील तो काम करेल. फक्त पहिल्या नोडवर काम चालू ठेवणं हा तात्पुरता इलाज झाला. तो नोड बंद असताना काम राहून जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

डिस्कही सामायिक आहे. टॉमकॅटची कॅटालिना डॉट आउट ही फाइल आपोआप कापली जात नाही. एका नोडवर चुकांचा पाऊस पडला की ती वाढत जाते, डिस्क भरते आणि तिन्ही नोड एकदम थांबतात. लॉग वेळोवेळी कापून बाजूला काढणारं लॉगरोटेट लावा.

## डॉकरने हे सगळं सुटत नाही का?

डॉकर प्रत्येक नोडला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो, त्यामुळे पोर्ट आणि फोल्डरचा प्रश्न सुटतो, आणि तो सुटणं लहान गोष्ट नाही. मेमरी, जोडण्या, तीनदा चालणारी कामं हे जसंच्या तसं राहतं. एक नवीन फसगतही होते: कंटेनरला ४ जीबी मर्यादा दिली की जावा तिचाही चौथा हिस्साच हीपला घेतो, म्हणजे १ जीबी, आणि बाकी मेमरी पडून राहते. हीपला किती टक्के मेमरी द्यायची ते सांगणारा मॅक्स-रॅम-पर्सेंटेज हा पर्याय ७० च्या आसपास ठेवा.

## आणि मशीनच बंद पडलं तर?

तर तिन्ही नोड जातात. वीज, डिस्क, नेटवर्क कार्ड, मे महिन्यात बंद पडलेला सर्व्हर खोलीचा एसी, यांतल्या कशालाही नोड किती आहेत याचं देणंघेणं नसतं. एका मशीनवरच्या नोडना ‘अखंड सेवा’ म्हणून विकणं चुकीचं आहे. त्यासाठी दुसरं मशीन हवं, वेगळ्या वीजजोडणीवर. चांगली गोष्ट ही की तीन नोडसाठी सेशन, कामं आणि जोडण्या नीट लावल्या असतील, तर दुसऱ्या मशीनवर जाताना बहुतेक फक्त लोड बॅलन्सरमधले पत्ते आणि नोड कोणत्या पत्त्यावर ऐकतात तेवढंच बदलतं. नोडवर अपलोड होणाऱ्या फाइल मात्र सामायिक जागेत न्याव्या लागतात.

## गर्दीच्या आधी करून पाहायची चाचणी

नवीन आवृत्ती चढवण्याचा क्रम असा. एनजिनएक्समध्ये पहिल्या नोडसमोर डाऊन लिहा आणि रीलोड करा. चालू विनंत्या संपू द्या. नोड बंद करा, नवी आवृत्ती ठेवा, उठवा. डेटाबेसमधून काहीतरी वाचून दाखवणारं एक पान थेट ८१८० वर दहा-वीसदा उघडून पाहा, मगच डाऊन काढा. नंतर दुसरा, नंतर तिसरा. मधल्या काळात जुनी आणि नवी आवृत्ती एकाच डेटाबेसवर चालते, म्हणून टेबलमध्ये कॉलम वाढवणं चालेल, पण जुना कॉलम काढणं पुढच्या खेपेला ठेवा. एक नोड बाहेर असताना उरलेल्या दोघांवर दीडपट भार येतो. त्यामुळे एरवी नोड साठ टक्क्यांवर चालत असतील तर इथे नव्वदवर जातील.

हे जमलं की एखाद्या रविवारी सकाळी खोटी गर्दी लावा, जेमीटर या चाचणीच्या साधनाने ३०० जण लॉगिन करून पानं उघडताहेत असं दाखवा, आणि दुसरा नोड किल उणे नऊ या आज्ञेने तडकाफडकी मारा. तीन गोष्टी लिहून ठेवा: एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ५०२ (मागच्या नोडकडून उत्तर मिळालं नाही अशी चूक) किती आले, किती जणांना पुन्हा लॉगिन करावं लागलं, आणि लिनक्समध्ये प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या सिस्टिमडीने नोड परत उठवून त्यावर पहिली विनंती जायला किती सेकंद लागले. मग तिन्ही नोड चालू असताना पोस्टग्रेसमध्ये नोडनी उघडलेल्या जोडण्या मोजा. आकडा साठच्या वर दिसला, तर बहुधा एखाद्या नोडच्या फाइलमध्ये जुना ४० तसाच राहिलेला आहे.